गिरिधरराव घड्याळ तपासतात

गिरिधरराव पोफळींचा मोजणाऱ्या कुठल्याही वस्तूवर विश्वास नाही, हे प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून माणसाची उभी हयात गेली. दुकानदाराचा काटा खरा की खोटा, मापाच्या बुडाला मेण लावलंय का, वजन पोकळ तर नाही, हे बघायचं ते खातं. लकडगंजच्या धान्यबाजारात त्यांची सायकल वळली की पारडी आपोआप सरळ व्हायची म्हणतात. म्हणणारे अर्थात गिरिधररावच.

निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. दूधवाल्याचं माप पालथं करून त्यावर टिचकी मारतात. भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की हातगाडी मागच्या गल्लीत घालतो. प्रमोदिनीबाईंना बघायला गेले होते तेव्हा मुलीची उंची पत्रिकेत लिहिल्याइतकी आहे का, हे म्हणे दाराच्या चौकटीवरून ताडून पाहिलं. प्रमोदिनीबाई हे अजून हळदीकुंकवाला रंगवून सांगतात आणि शेवटी पदर खोचत म्हणतात, "भरले बाई मी मापात!"

तर असा हा माणूस. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागायच्या आधी एका सकाळी दूध घेऊन येताना सिंधूताईंच्या फाटकाशी गरकन फिरला आणि फाटक धरूनच खाली बसला. सिंधूताई म्हणजे समोरच्या घरातल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानाचा. त्यांनी अशी हाक ठोकली की अख्खी गल्ली गोळा झाली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. गिरिधरराव दोन मिनिटांत उठून बसले आणि पहिलं काय विचारलं, तर "दूध सांडलं किती?"

वरवर विनोद झाला, पण पोटात भीती बसली ती बसली. त्यांचे थोरले भाऊ सुमंतराव असेच बसल्या जागी गेले होते, हातात चहाची बशी धरून. बशी फुटलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून गिरिधररावांच्या मनात एक हिशेब पक्का होता, की आपल्या घराण्यात काळीज न सांगता बंद पडतं. आणि आता नंबर आपला.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, उन्हाचं असेल, पाणी पीत जा, हवं तर पुढच्या तपासण्या करू. "हवं तर" म्हणजे काय, हे गिरिधररावांना कळेना. तेवढ्यात बंगळुरूहून नूपुरनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, स्मार्टवॉच पाठवलं. काळा चौकोनी डबा, त्याला रबरी पट्टा. ठोके मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं, हृदयाची लय बिघडली तर इशारा देतं.

"बाबा, फक्त घालून राहायचं. बाकी ते बघेल," नूपुर फोनवर म्हणाली.

"ते बघेल, पण त्याला कोण बघेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे काटा आला की आधी काटा तपासायचा असतो. मग त्यावर तोलायचं."

नूपुरनं कपाळावर हात मारला असावा. फोनमध्ये तसा आवाज आला.

घड्याळ त्यांनी घातलं. ठोके दाखवले, व्यवस्थित. लय दाखवली, सरळ. चालून आले, थोडे वाढले. बसले, उतरले. दुसरा कोणी असता तर सुटकेचा श्वास टाकून पुढे झाला असता. गिरिधरराव उलट अस्वस्थ झाले. लकडगंजात जो व्यापारी साहेब बघताच हसून खुर्ची पुढे करायचा, त्याचाच काटा त्यांनी नेहमी आधी उचलला होता. हे घड्याळही फार गोड बोलत होतं.

तपासायचं कसं? खात्याची रीत साधी. ज्याचं वजन नक्की माहीत आहे अशी वस्तू, म्हणजे प्रमाण वजन, काट्यावर ठेवायची. काटा बरोबर बोलला तर खरा. इथे प्रमाण वजन म्हणजे नक्की निरोगी असलेलं काळीज हवं. स्वतःचं चालणार नाही, कारण संशय त्याच्यावरच. आरोपीला साक्षीदार कसं करणार?

त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

प्रमोदिनीबाई आजारी पडलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. गल्लीत डेंग्यू फिरला, घरोघरी फिरला, यांच्या दारावरून गेला. कोविडात अख्खं घर आडवं, ह्या उभ्या. नूपुरच्या वेळी सकाळी सडा टाकून, कणीक मळून, मग रिक्षात बसल्या. गिरिधररावांच्या लेखी जगात हलणार नाही असं एकच वजन होतं, आणि ते त्या क्षणी ओट्याशी आंबे पिळत होतं.

"हात दे इकडं."

"काहून? आंब्याचा आहे."

"धू. घड्याळ तपासून राहिलो."

"मग घड्याळ धरा न. माझा हात कशाले?"

पण हात धुतला, पुसला आणि दिला. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या तपासण्यांची सवय झालेली. गिरिधररावांनी पट्टा आवळला, चष्मा सरसावला आणि वाकून बघत राहिले.

आकडा चढला. मग पडला. मग पुन्हा चढला, भलताच. बाई नुसत्या स्टुलावर बसलेल्या, आणि घड्याळ म्हणत होतं की त्या धावून राहिल्या. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं उमटली, की लय अनियमित असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

गिरिधररावांनी घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. चोर सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो एक थंडपणा यायचा, तो आला.

"काय झालं?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"दांडी मारते," ते म्हणाले. "खोटं आहे साफ."

आणि इथेच त्यांची खरी झोप उडाली. वाचणाऱ्याला वाटेल, बायकोच्या काळजीनं. छे! त्यांचा हिशेब वेगळाच चालला. प्रमाण वजनावर जो काटा खोटं बोलतो, त्याचा एकही शब्द धरायचा नसतो. म्हणजे या घड्याळानं आपल्या काळजाला दिलेलं प्रशस्तिपत्रही खोटं. म्हणजे आपल्याला काहीतरी आहेच. भर दुपारी, कूलरच्या घरघरीत, ते पलंगावर उताणे पडून स्वतःच्या छातीवर हात ठेवून ऐकत राहिले. बाजूला प्रमोदिनीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या दुपारच्या कधी आडव्या होत नसत. पण नवतप्यात अख्खं नागपूर आडवं होतं, त्यात एक बाई झाली तर कोण मोजतो?

मोजणारा माणूस शेजारीच होता. तो दुसरीकडे मोजत होता.

जिन्यातही असंच. हल्ली गच्चीवर जाताना प्रमोदिनीबाई मधल्या वळणावर थांबायच्या आणि अंबाडा सोडून पुन्हा बांधायच्या. "केस बांधते जरा, तुम्ही व्हा पुढं." गिरिधरराव पुढे व्हायचे. बाईच्या जातीला केसांचं काहीतरी असतंच, अशी त्यांची समजूत.

त्यांनी नूपुरला फोन लावला. "घड्याळ परत पाठव. सदोष माल आहे."

"तुम्हाला काही चुकीचं दाखवलं का?"

"मला नाही. तपासणीत नापास झालं."

"कसली तपासणी, बाबा?"

"पद्धतशीर," गिरिधरराव म्हणाले, आणि तो एक शब्द त्यांनी असा ठेवला की पुढे विचारायची सोय राहिली नाही. कुणावर तपासलं हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेकीनं तिथल्या तिथे किंकाळी फोडली असती. पण तपासणीचा तपशील पक्षकाराला द्यायचा नसतो, हाही खात्याचाच नियम.

परत नेणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरडया होत्या. प्रमोदिनीबाईंना दर उन्हाळ्यात बंगळुरूला डबा पाठवायचा असतो. यंदा उशीर झालेला, म्हणून भर नवतप्यात घाट घातला. भिजवलेल्या गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात ओतून दोन्ही हातांनी दांडा फिरवत बसायचं, गाठ होऊ द्यायची नाही, आणि शिजला की गरमागरम सोऱ्यातून कापडावर घालायचा. हातातली शक्ती संपेपर्यंत घोटायचं काम. मदतीला सिंधूताई होत्या, डोक्यावर ओला नॅपकिन घेऊन.

गिरिधरराव घड्याळ घेऊन वर आले. जप्तीच्या आधी तीनदा तोलून बघायचं, मग शिक्का, हे त्यांचं तत्त्व होतं. व्यापारी चोर असला तरी त्याच्यावर अन्याय व्हायला नको. कालच्या तपासणीत त्यांना दोन-तीन त्रुटी जाणवत होत्या. हात ओला होता. बांगड्या मध्ये आल्या असतील. पट्टा सैल असेल.

"सिंधूताई, जरा हात द्या."

"बाप्पा! बायको समोर बसून राहिली अन् हात माहा मागता?"

"घड्याळ लावायचं आहे."

"लावा न. पण ठोके वाढले त मले बोलू नका, तुमीच जबाबदार." त्यांनी मनगट पुढे केलं. प्रमोदिनीबाई हसल्या, दांडा फिरवत.

सिंधूताईंच्या हातावर घड्याळ शहाण्यासारखं वागलं. आकडा स्थिर, लय सरळ. गिरिधररावांनी ते स्वतःच्या हातावर चढवलं. स्थिर, सरळ. त्यांच्या कपाळाला आठी पडली. खोटा काटा सगळ्यांशी खोटं बोलतो. एखाद्याच गिऱ्हाइकाशी खोटं बोलणारा काटा त्यांनी पाहिला नव्हता.

"प्रमोदिनी, दांडा सोड जरा. बांगड्या वर कर."

"चीक लागेल हो खाली!"

"सिंधूताई धरतील."

सिंधूताईंनी दांडा घेतला. प्रमोदिनीबाई पाटावर टेकल्या. गिरिधररावांनी मनगट कोरडं पुसलं, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, पट्टा नीट आवळला. आता कुठलीच त्रुटी नव्हती.

आकडा उसळला. पडला. उसळला.

ते वाट बघत राहिले. घोटायचं थांबवलंय, दम खाली बसेल, मग उतरेल. उतरलं नाही. प्रमोदिनीबाई पदरानं वारा घेत होत्या, ओठांच्या कडेला घामाचे थेंब, आणि रंग काही तरी वेगळाच, पातेल्यातल्या चिकासारखा.

"झाली का तुमची तपासणी?"

"थांब."

एक उपाय राहिला होता. यंत्रावर भरवसा नसेल तर हातानं मोजायचं. त्यांनी घड्याळ तसंच राहू दिलं आणि तिच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवली.

"बाई बाई बाई!" सिंधूताई दांडा फिरवता फिरवता ओरडल्या. "नवतप्यात हात धरून राहिले भाऊजी! गल्लीले बोलवू का?"

गिरिधररावांना ऐकूच गेलं नाही. बोटांखाली नाडी लागली होती. एक ठोका, दुसरा, मग तीन एकावर एक पडले, अंधारात जिना उतरताना माणूस पाय चुकून धडपडतो तसे. मग काहीच नाही. ते थांबले. काहीच नाही. आणि मग एकदम एक जोराचा. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. घड्याळ अडखळत होतं. बोटं अडखळत होती. दोघं एकच सांगत होते.

लकडगंजातला एक धान्यवाला त्यांना आठवला. काटा जप्त करताना तो हात जोडून म्हणाला होता, "साहेब, काटा खोटा, कबूल. पन तुमच्या वजनाले कोनी तोललं का?" साहेब हसले होते. खात्याची वजनंही ठरलेल्या मुदतीत प्रयोगशाळेत जाऊन तपासून येतात, हे त्याला कुठे माहीत? साहेबांना माहीत होतं. साहेबांनी स्वतः पेट्या भरून ती नेली होती. आणि घरातलं वजन मात्र, लग्न झाल्यापासून, एकदाही कुणाकडे नेलं नव्हतं. तिला कधी विचारलंही नव्हतं, कसं वाटतंय. ती बरीच असते, म्हणून.

जिन्यातलं ते वळण. तो सारखा सुटणारा अंबाडा.

"प्रमोदिनी," ते म्हणाले, आणि आवाज शक्य तितका सपाट ठेवला, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. तुझी नाडी बरोबर लागून नाही राहिली."

"माझी?" त्या खळखळून हसल्या आणि अर्ध्यात थांबून श्वास घेतला. "अहो, आगीपाशी बसली मी. नाडी नाचणार नाही तर काय?"

"चल म्हणतो ना."

"अन् हा चीक? तीन दिवसांचा भिजवलेला गहू. दगड होईल त्याचा. तुमच्या घड्याळापायी मी नूपुरच्या कुरडया नाही टाकायची. आज काही जात नाही मी कुठं." त्यांनी सिंधूताईंच्या हातून दांडा परत घेतला आणि फिरवायला लागल्या. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला हात मंद झाला.

गिरिधररावांनी ओळखलं, ही बाई ऐकणार नाही. वाद घातला तर वाढेल. खरं काय ते सगळं सांगितलं तर हसेल, आणि हसताना ते जे काय आत धडपडतंय, ते कायमचं पडेल. त्यांना बशी दिसली. न फुटलेली.

या माणसानं जन्मात खोटं माप दिलं नव्हतं. बदली झाली, बढती गेली, पण नाही दिलं. त्या गच्चीवर, सकाळच्या चटक्यात, गिरिधर पोफळींनी छातीवर हात दाबला आणि मट्‌कन खाली बसले.

"मला… काहीतरी होतंय."

हात त्यांनी उजव्या बाजूला दाबला होता. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. सिंधूताईंच्या ते तत्काळ ध्यानात आलं. शाळेत पोटदुखीची सोंगं बघण्यात त्यांची अख्खी नोकरी सरलेली. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात गिरिधररावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग डोळ्यांनीच प्रमोदिनीबाईंकडे. पुन्हा सिंधूताईंकडे. सिंधूताईंनी मग प्रमोदिनीबाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं, बहुधा त्या सकाळी पहिल्यांदा.

"गाडी काढते मी," सिंधूताई म्हणाल्या.

आणि प्रमोदिनीबाई? ज्या बाईला चिकापुढे स्वतःचा जीव दिसत नव्हता, तिनं फटकन गॅस बंद केला. "मरो तो चीक!" म्हणाली. दांडा पातेल्यातच राहिला. "अहो, कुठं दुखतंय? हाताकडं जातंय का? सुमंतभावजींचंही असंच… उठा. माझ्या खांद्यावर हात ठेवा. ठेवा म्हणते न!"

त्यांनी ठेवला. जिना उतरताना बघणाऱ्याला वाटलं असतं, बायको नवऱ्याला सांभाळून नेते आहे. गिरिधररावांनी त्या खांद्यावर गुंजभरही भार टाकला नव्हता. उलट बोटं रुतवून ते तिला वर धरून होते. वळणावर ती थांबली. एक हात भिंतीला.

"केस…" ती म्हणाली.

"राहू दे केस."

"हो. राहू दे."

गाडीत मागे दोघं. सिंधूताई नेहमी एवढ्या जपून चालवतात की सायकलवाले हॉर्न देतात. आज रिंग रोडला लागेपर्यंत त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. पुढे सिमेंटच्या रस्त्यासाठी अर्धा रस्ता खणलेला. आपल्या गावात तो बाराही महिने कुठे ना कुठे खणलेला असतोच, पण आज त्यात एक सिटी बस आडवी झालेली. हॉर्नचा कल्ला. ऊन काचेतून भाल्यासारखं.

"घाबरू नका," प्रमोदिनीबाई नवऱ्याच्या छातीवर हात फिरवत होत्या. "मी आहे न. काही नाही होत. सिंधू, ती पुढं पडलेली दे वं ती… पाण्याची… ती…"

त्या थांबल्या. ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी हातानं आकार करून दाखवला, उभा, गोल, आणि गोंधळून गिरिधररावांकडे पाहिलं. लहान मुलाला शाळेत पाढा अडला की ते जसं बघतं.

"बाटली," गिरिधरराव म्हणाले.

"हां. बाटली," त्या म्हणाल्या. पण उशिरा म्हणाल्या, आणि जरा जड जिभेनं.

सिंधूताईंनी आरशात पाहिलं. मग गाडीचं डावं चाक फुटपाथवर चढवलं, एका पाणीपुरीच्या बंद ठेल्याला घासून, लोकांच्या शिव्या घेत, बसच्या बाजूनं गाडी काढली. सेवानिवृत्त मुख्याध्यापिकेनं खिडकीतून बसवाल्याला जो शब्द ऐकवला तो इथे लिहिता येत नाही.

हॉस्पिटलच्या तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर मुलगी पुढे आली. "पेशंट कोण?"

"हे," प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याला ढकललं.

"ही," गिरिधररावांनी बायकोकडे बोट केलं.

डॉक्टरनं दोघांकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, भांडण होऊन आलेत.

"छातीत दुखतं यांच्या, आधी यांना घ्या…"

"मी खोटं सांगितलं," गिरिधरराव मध्येच म्हणाले, भराभर, साक्ष देत असल्यासारखे. "मला काही नाही. नाडी हिची धरा. ठोके एकसारखे नाहीत, मधला मधला गळतो, मी बोटांनी बघितलं. घड्याळ कालपासून सांगतं आहे. आत्ता गाडीत हिला बाटली हा शब्द सापडला नाही."

शेवटच्या वाक्यावर डॉक्टरचा चेहरा बदलला. तिनं नर्सला हाक मारली ती आधीच्यापेक्षा वेगळ्या आवाजात.

"खोटं?" प्रमोदिनीबाई त्यांच्याकडे वळल्या. डोळ्यांत जाळ. "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? माझा चीक…" आणि गुडघ्यातून सैल झाल्या. खाली पडायच्या आत चार हात पोचले. त्यातले दोन गिरिधररावांचे होते.

पडदा ओढला गेला. चाकं वाजली. गिरिधरराव बाहेरच्या बाकावर बसले. आत त्यांच्या बायकोला वायरी लावत होते आणि एक यंत्र टीं टीं करत होतं, कधी घाईघाईनं, कधी विसरल्यासारखं. त्यांना प्रत्येक टीं ऐकू येत होती, आणि दोन टींच्या मधली जागा त्याहून जास्त. सिंधूताई शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मलेच काहून नाही दिसलं? रोज समोर त असते."

प्रमोदिनीबाईंना डोक्याच्या तपासणीला नेलं. परत आणलं. बाकावरची माणसं बदलली. मग डॉक्टर बाहेर आली.

हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो आहे, म्हणाली. त्यामुळे ठोके बेताल. रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. शब्द अडकला तो तसलाच एक इशारा. चित्रात सध्या मोठं काही दिसत नाही, वेळेत आलात. औषध चालू केलंय, वेग उतरायला लागलाय, पण लय अजून परतलेली नाही. दोन दिवस इथेच ठेवू. रक्त पातळ करायच्या गोळ्या पुढेही चालू राहतील.

"हे कधीपासून असेल?" गिरिधररावांनी विचारलं.

"सांगता येत नाही. काहींना महिनोन्‌महिने कळत नाही. दम लागतो, थकवा येतो, लोक म्हणतात उन्हाचं असेल." तिनं मग त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचाही ईसीजी काढून टाकू. आतून सारखं सांगून राहिल्या त्या."

काढला. सरळ होता. अंगात पाणी कमी, बाकी काही नाही.

आत गेले तेव्हा प्रमोदिनीबाई उशीला टेकून होत्या. केस मोकळे, नर्सनं काढून ठेवलेल्या बांगड्या बाजूच्या ट्रेमध्ये. बांगड्यांशिवाय तो हात गिरिधररावांना ओळखू येईना.

"काय म्हणाली ती पोरगी?"

इथे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, काही नाही गं, साधं आहे. गिरिधररावांनी तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बघते, माप किती भरता. त्यांनी सगळं सांगितलं. कप्पा, गुठळी, मेंदू, गोळ्या. एक शब्द गाळला नाही.

ती ऐकत राहिली. चादरीची कड दोन बोटांत घेऊन चुरत राहिली.

"म्हणजे मी जाता जाता राहिले."

"हो."

"आणि अजून…"

"अजून लय आली नाही. येईल म्हणतात. नक्की नाही म्हणत."

"बरं." मग, "नूपुरला तुम्ही फोन नका लावू. तुम्ही असं सरळ सांगाल तर पोरगी तिथंच खाली बसेल. द्या, मी बोलते. आणि येऊ नको म्हणते, तिची सुट्टी नाही आता."

फोन लावून त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं घसा साफ केला आणि तोच रोजचा आवाज काढला, गच्चीवरून दूधवाल्याला थांबवायचा.

"काही नाही गं, तुझ्या बाबांना दाखवायला आणलं होतं, तर या लोकांनी मलाच ठेवून घेतलं. हो न! चांगली बाई दिसली की सोडत नाहीत. नाही, नाही, बरी आहे. अगं जेवलेसुद्धा… कुरडया? त्या यंदा…"

पलीकडून नूपुरनं काहीतरी विचारलं. गिरिधररावांना शब्द ऐकू आले नाहीत, प्रश्न आहे एवढं कळलं. प्रमोदिनीबाई उत्तर द्यायला निघाल्या. ओठ उघडले. या वेळी शब्द हरवला नव्हता. होता, पण बाहेर निघेना. त्यांनी फोन कानापासून काढला आणि, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणाचीही समजूत न काढता, तो नवऱ्याकडे धरला.

गिरिधररावांनी घेतला. "हॅलो," नूपुर म्हणत होती, "आई? तू घाबरलीस का?"

"हो," गिरिधरराव म्हणाले. "घाबरली आहे. मी पण. ये तू."

प्रमोदिनीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. येऊ नको म्हणाल्या नाहीत.